उत्तर कुणाचं? सांगलीतल्या शनिवार-गटाच्या नोंदी

शनिवार, १५ जून २०२४

पहिला दिवस. अकरा जण यायचे होते, नऊ आले. नवांबरोबर घरचे तेरा जण आले, त्यामुळे खुर्च्या कमी पडल्या आणि शेजारच्या मंडपवाल्याकडून सहा मागून आणाव्या लागल्या. गट अपंग मुलामुलींचा, वय १८ ते २५. आठ महिने, दर शनिवारी साडेदहा ते एक, शिवाय अधूनमधून बाहेर. प्रकल्पाच्या अर्जात मी उद्दिष्ट लिहिलं होतं, ‘स्वावलंबन व स्वतःची बाजू मांडण्याचे कौशल्य’. आज मोठ्यानं वाचून दाखवलं तर कुणाच्या चेहऱ्यावर काही हललं नाही.

ओळखीची फेरी घेतली. मी मुलाकडे बघून नाव विचारायचे आणि उत्तर शेजारच्या खुर्चीतून यायचं. “हा नाही बोलत फारसा.” “तिला नका विचारू ताई, लाजती ती.” नवांपैकी सात जणांची नावं घरच्यांनी सांगितली. त्यातला एक बारावी झालाय आणि दिवसभर फोनवर मित्रांशी बोलत असतो, हेही त्याच्या आईनंच सांगितलं.

म्हणून हजेरीच्या वहीत आजपासून दोन जादा रकाने आखले. प्रश्न कुणाला होता, उत्तर कुणी दिलं.

वहीत खरी नावं येणार नाहीत. टोपणनाव ज्याचं त्यानं निवडायचं. व्हीलचेअर वापरणारा, सेरेब्रल पाल्सी असलेला मुलगा ‘कॅप्टन’ झाला. त्याला एक वाक्य पुरं करायला वेळ लागतो, पण वाक्य पुरं होतं. जन्मापासून दिसत नसलेली आणि दारातून कोण आलं ते चपलेच्या आवाजावरून सांगणारी मुलगी ‘रेडिओ’. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलाला त्याच्या आईनं ‘सोन्या’ सुचवलं. त्यानं मान हलवली. पाच-सहा मिनिटांनी, विषय कुठल्या कुठे गेल्यावर, तो एकदम म्हणाला, “बासुंदी.” ऐकू न येणाऱ्या मुलीला असं नाव आधीच होतं, शाळेतल्या मैत्रिणींनी दिलेलं, खुणेचं. गालाला बोट टेकवून जरासं फिरवायचं. ते कागदावर उतरत नाही, म्हणून ‘खळी’.

शनिवार, २२ जून

चहा. आठवडाभर बसून चहाचे चौदा तुकडे पाडले होते. पातेलं घेण्यापासून कप हातात देण्यापर्यंत. शिकवायला सुरुवात चौदाव्यापासून.

पालकांना हे उलटं वाटतं, म्हणून कारण लिहून ठेवते. पहिल्या पायरीपासून सुरू केलं तर पोरगं तिसऱ्या-चौथ्या पायरीला अडतं, मागून कुणीतरी “आण इकडं” म्हणतं, आणि चहा त्या ‘कुणीतरी’चा होतो. शेवटून सुरू केलं तर पहिल्याच दिवशी काम त्याच्या हातून संपतं. बासुंदीनं आज फक्त कप वाटले. पुढच्या वेळी गाळून वाटेल. त्यापुढच्या वेळी उतरवून, गाळून, वाटेल. आजच घरी जाताना तो आईला म्हणाला, “मी चहा केला.” मी दुरुस्त केलं नाही.

मदत कमी करत नेण्याचा क्रमही ठरवला. आधी हात धरून, मग हातानं दाखवून, मग तोंडी सांगून, मग नुसतं उभं राहून. सगळ्यात अवघड शेवटचं, आणि ते मुलांना नाही, आम्हाला.

रेडिओ कप भरताना कडेच्या आत बोटाचं पेर धरते, ही नेहमीची रीत. पण ती म्हणाली, कप भरत आला की आवाज बारीक होत जातो, त्यावरूनच तिला कळतं. गार पाण्यावर दहा वेळा करून दाखवलं. एकदाही सांडलं नाही.

खळीच्या आईची तक्रार होती की कुकरची शिट्टी ऐकू येत नाही म्हणून तिला गॅसजवळ जाऊ देता येत नाही. खळीनं ओट्यावर तीन शेंगदाणे मांडले. शिट्टी वर उडून वाफ निघाली की एक दाणा खायचा. तीन दाणे संपले, गॅस बंद. हे तिला कुणी शिकवलं, असं मी तिच्या आईला विचारलं. आई म्हणाली, “मलाच माहीत न्हवतं.” (प्रश्न खळीला विचारायला हवा होता. रकान्यात माझ्या नावावर पहिली खूण.)

गटाचा पहिला नियम आज ठरला. कुणालाही काही विचारलं की मनात दहा आकडे मोजायचे. दहा होईपर्यंत दुसऱ्या कुणी तोंड उघडायचं नाही. कॅप्टनसाठी वीस.

शनिवार, ६ जुलै

पैसे. नव्या नोटांत शंभराची लांबी १४२ मिलिमीटर, दोनशेची १४६, पाचशेची १५०. रुंदी तिन्हींची सारखी, ६६. म्हणजे न बघता ओळखायची तर चार मिलिमीटरवर सगळा खेळ, आणि पाकिटात मोजपट्टी नसते. रेडिओ बोटांच्या बेचक्यात नोट धरून दुसऱ्या नोटेशी ताडून बघते. कडेला उठावाच्या रेघा असतात, शंभरावर चार, दोनशेवर चार आणि मध्ये दोन वर्तुळं, पाचशेवर पाच. कोऱ्या नोटेवर त्या लागतात. बाजारात फिरून मऊ पडलेल्या नोटेवर काही लागत नाही. रिझर्व्ह बँकेचं ‘मनी’ नावाचं ॲप आहे, कॅमेऱ्यासमोर नोट धरली की किंमत बोलून दाखवतं, इंटरनेट लागत नाही. भाजीवाल्या मावशींसमोर उभं राहून फोन काढायचा का, यावर गटात वाद झाला. रेडिओचं म्हणणं, काढायचा. फसवणारा निदान बघेल तरी की हिच्याकडं साधन आहे.

बासुंदीला शंभरापर्यंत आकडे येतात, बेरीज येत नाही. त्याला बेरीज शिकवत बसायचं नाही असं ठरवलं. दहाच्या नोटांची गड्डी, सांगितलेल्या किमतीच्या एक नोट पुढं द्यायची. ४३ रुपये म्हटलं की पाच नोटा. सुट्टे परत येतात ते डब्यात. विशेष शाळेतल्या नोकरीत चौदा वर्षं मी अशा मुलांना हातच्याची बेरीज शिकवण्यात घालवली. त्यातली किती मुलं आज दुकानात एकटी जातात, हे मला सांगता येणार नाही, कारण तो रकाना मी कधी आखलाच नव्हता.

शनिवार, २० जुलै

पावसामुळे पाचच जण. शब्दांवर गप्पा. अपंग म्हणावं की दिव्यांग? सरकारी कागदावर आता सगळीकडे दिव्यांग. कॅप्टन म्हणाला (वीस आकड्यांनंतर), “दिव्य काय आहे? जिन्याला दिव्य म्हणा. मी साधा आहे.” खळीनं खुणेनं सांगितलं की तिला ‘मूकबधिर’ नको, कारण ती मुकी नाही, बोलते, हातांनी.

शनिवार, २७ जुलै

बैठक रद्द. कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी इशारा पातळीच्या, चाळीस फुटांच्या आसपास. नदीकाठच्या दोघांच्या घरी सामान वर चढवायचं चाललंय. एक लिहिण्यासारखं, रेडिओनं स्वतः फोन करून ‘मी येत नाही’ कळवलं. आजवर तिची मावशी कळवायची.

शनिवार, १० ऑगस्ट

आज फक्त पालक. मुलं शेजारच्या खोलीत, दार लावून. दोन आया दर पाच मिनिटांनी उठून बघून येत होत्या.

पालकत्वाच्या (अठरानंतरही कायदेशीर पालक असल्याच्या) दाखल्यावर बराच वेळ गेला. बहुतेकांना कुणी ना कुणी सांगितलंय, “अठरा पूर्ण झाली ना, मग आधी दाखला काढून ठेवा.” मी सांगितलं ते असं. अठरा पूर्ण झाल्यावर ही मुलं इतरांसारखीच कायद्यानं सज्ञान असतात. राष्ट्रीय न्यासाचा १९९९ चा कायदा आहे, तो ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चौघांसाठी. त्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती पालक नेमू शकते. पण रेडिओला आणि खळीला त्यातलं काहीच लागू नाही, तरी त्यांच्याही घरच्यांना दाखला काढायचा सल्ला मिळालाय! २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मर्यादित पालकत्व आहे, ठरावीक निर्णयापुरतं, ठरावीक मुदतीपुरतं, आणि निर्णय दोघांनी मिळून घ्यायचा. एका आईनं विचारलं, “मिळून म्हंजे? तो हो म्हणला पायजे?” हो, असं म्हटलं.

मग कॅप्टनच्या वडिलांनी तो प्रश्न विचारला, जो प्रत्येक बैठकीत कुणीतरी विचारतंच. “आमच्या माघारी ह्याचं कोण बघणार?” ते त्याला रोज उचलून दुसऱ्या मजल्यावरून खाली आणतात. मुलगा चोवीस वर्षांचा, त्यांची कंबर धरलेली. मी कायद्याचं काही बोलले नाही. मुलगा खालच्या मजल्यावर राहायला गेला तर, एवढंच विचारलं. म्हणाले, खालचं भाडं दीड हजारानं जास्त आहे. हे मी लिहून ठेवतेय कारण घरच्यांनी ‘सोडत नाही’ म्हणणं सोपं असतं. पुष्कळदा न सोडण्यामागं भाडं असतं, औषधं असतात, शिफ्ट असते.

मतदार नोंदणीचे सहा नंबरचे अर्ज वाटले. बासुंदीच्या आईनं परत केला. “ह्याचं चालत न्हाई ना?” चालतं. सक्षम न्यायालयानं मनोविकल म्हणून जाहीर केलेलं असेल तरच नाव नाकारता येतं, आणि कुठल्याही न्यायालयानं बासुंदीचं काही जाहीर केलेलं नाही. अर्ज घेतला, पण पिशवीत तळाशी ठेवला.

शनिवार, २४ ऑगस्ट

सांगली–तासगाव, साधी एसटी. सहा मुलं, आम्ही दोघं. घरचं कुणी नाही, ही अट होती. बेदाणे आणायचे आणि परत यायचं. तिकीट प्रत्येकानं आपलं काढायचं. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगत्वाचं सरकारी ओळखपत्र) दाखवलं की भाड्यात ७५ टक्के सवलत.

कंडक्टर चांगला माणूस होता आणि पहिल्या पाच मिनिटांत सगळं माझ्याशीच बोलला. “किती जण? सगळे अपंगच का? कुठं उतरणार?” मी खिडकीबाहेर बघत बसले. मला फार उद्धट वाटलं, आणि दहा आकडे फार मोठे असतात. आठाला रेडिओ म्हणाली, “काका, तासगाव एक. कार्ड हे घ्या.” मग बासुंदीनं नोटा पुढं केल्या. तिसऱ्या तिकिटापर्यंत कंडक्टर आपणहून मुलांकडे वळला होता. खळीला त्यानं ओरडून विचारलं. तिनं फोनवर टाईप केलेलं ‘तासगाव’ त्याच्यासमोर धरलं, तर ते वाचूनही तो ओरडूनच “तासगाव?” म्हणाला.

कॅप्टनचं चढणं. एसटीच्या पायऱ्या उंच, पहिलीच गुडघ्याच्या वर. त्यानं घरून पाठ करून आणलेली वाक्यं होती. “थांबा. आधी माझं ऐका. काखेतून धरू नका, खांदा दुखतो. एकानं मागून, एकानं पाय.” दोन प्रवासी आणि माझा सहकारी. वाक्यं पूर्ण व्हायला वेळ लागला, मागून ड्रायव्हरनं हॉर्न दिला, पण दोघंही प्रवासी थांबले. खुर्ची दुमडून मागच्या सीटवर. तासगावात उतरताना त्याला आणि खुर्चीला वेगवेगळ्या लोकांनी उतरवलं आणि खुर्चीचं एक पायठाण गाडीतच राहिलं. ते मिळवायला चार दिवस गेले. आगारात चौकशी कॅप्टननं स्वतः फोनवर केली. दोनदा समोरच्यानं ‘रॉंग नंबर’ समजून ठेवून दिला, तिसऱ्यांदा त्यानं आधी मेसेज पाठवला की माझं बोलणं सावकाश आहे, फोन ठेवू नका.

बेदाणे दोन किलो. त्यातले परत येताना किती उरले, हे विचारू नये.

शनिवार, ७ सप्टेंबर

गणपती. सुट्टी. बासुंदीच्या आईचा फोन, पाहुण्यांना चहा त्यानं केला. चौदाही पायऱ्या? नाही, दूध तिनं तापवलं. तेरा.

शनिवार, २१ सप्टेंबर

(बँकेचं काम शुक्रवारी केलं, नोंद आज.)

संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याला १५०० रुपये (२०२४ चा दर) बासुंदीच्या खात्यात येतात. खातं आईबरोबर जोड. आजवर त्यानं स्वतः पैसे कधी काढलेले नाहीत. काम एवढंच, पैसे काढायची स्लिप भरून पाचशे रुपये काढायचे. सहीचा सराव सहा आठवडे चाललाय. नावातली पहिली दोन अक्षरं आणि खाली रेघ. नव्या सहीचा नमुना मागच्याच महिन्यात आईबरोबर जाऊन दिलाय.

काउंटरवरच्या बाईंनी त्याच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि शाईचा पॅड पुढं सरकवला. “अंगठा घ्या की, पटकन होईल.” बासुंदी म्हणाला, “सही.” त्या मला म्हणाल्या, “ह्यांना समजतंय का पैशाचं?” आणि मी उत्तर दिलं. व्यवस्थित, मुद्देसूद, कायद्याच्या कलमासकट. दोन मिनिटं बोलले असेन. बाई वरमल्या, मला बरं वाटलं. बाहेर आल्यावर वही उघडली आणि रकाना भरायला गेले तेव्हा दिसलं, प्रश्न त्याच्याबद्दल, मला, उत्तर माझं. तो मध्ये उभा होता, पेन हातात घेऊन.

पुढचं त्याचं त्यानं केलं. पहिली सही जुळली नाही, रेघ अक्षरांतून गेली. दुसरी नाही. मागं रांग वाढत होती आणि कुणीतरी “अंगठा लावा ओ” म्हणालंच. तिसऱ्यांदा त्यानं पेन खाली ठेवलं, हात पँटला पुसला, मग केली. जुळली. पाचशेची एक नोट नको म्हणाला, “शंभर, शंभर.” तिथंच उभा राहून पाच मोजल्या. तीनशे आईला दिले, दोनशे खिशात. आई वाटेत म्हणत होती, “त्याला काय करायचेत पैसे?” स्टँडजवळ त्यानं मोबाइलचं कव्हर घेतलं, निळं, ऐंशी रुपयांना. आईच्या मते पन्नासचं होतं. असेल. मीही पुष्कळ वस्तू महाग घेतल्यात.

एक अडचण खरी आहे. त्याची सही प्रत्येक वेळी तशीच येईल याची खात्री नाही, आणि बँकेला सही जुळायला हवी. अंगठा दर वेळी जुळतो. अंगठा लावण्यात लाज काही नाही, पण निवड त्याची हवी. पुढच्या बैठकीत त्यालाच विचारायचं. बाईंनी विचारलं म्हणून नाही.

शनिवार, ५ ऑक्टोबर

‘नाही’चा वर्ग. सगळ्यात गोंगाटाचा झाला.

ही मुलं लहानपणापासून शहाणी म्हणून वाढलेली. औषध घे, हात पुढं कर, पाय लांब कर, इकडं ये. ‘गुणी आहे हो, जे सांगाल ते करतो’, हे कौतुक म्हणून सांगितलं जातं. मला या कौतुकाची आता भीती वाटते. जे सांगाल ते करणाऱ्या मुलीला कोण काय सांगेल, याचा विचार कुणी मोठ्यानं करत नाही. आज मोठ्यानं केला. दाराला कडी घातलेल्या खोलीत, मुलींबरोबर वेगळा, मुलांबरोबर वेगळा. त्यातलं या वहीत लिहीत नाही.

मग सगळे एकत्र, हलक्या गोष्टींवर. रेडिओनं सांगितलं, ती रस्त्याच्या कडेला रिक्षाची वाट बघत उभी असते आणि लोक दंडाला धरून तिला पलीकडं नेऊन सोडतात. पुण्य त्यांना, रिक्षा दुसऱ्याला. तिनं दोन माणसं पुढं बोलावून दाखवलं, दंड धरायचा नाही, तुमचं कोपर द्या, मी धरते, तुम्ही अर्धं पाऊल पुढं. नको असेल तर “नको, थँक्यू”, आणि तरी ओढलं तर जागच्या जागी बसकण मारायची.

शेवटी मी बासुंदीला म्हटलं, तीन डिसेंबरच्या कार्यक्रमात गाणं म्हण.
“नाही.”
“अरे, किती छान म्हणतोस! सगळे टाळ्या वाजवतील.”
“नाही.”
“एकच कडवं.”
रेडिओ मागून म्हणाली, “ताई, दोनदा झालं त्याचं.”

शनिवार, १९ ऑक्टोबर

विधानसभेची घोषणा मंगळवारी झाली, मतदान २० नोव्हेंबरला. सात जणांची नावं यादीत आलीत, बासुंदीचंही. पिशवीच्या तळातून अर्ज कधी वर आला ते आईनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

आजची चूक माझी. ४० टक्क्यांपेक्षा कमी नसलेलं दिव्यांगत्व असेल तर घरून मतदान करता येतं, त्याला ‘१२ ड’ अर्ज लागतो, अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत द्यायचा. मुदत थोडी, म्हणून मी कॅप्टनसाठी अर्ज आणून, त्याची माहिती भरून, नुसत्या सहीपुरता ठेवला होता. त्याच्या वडिलांच्या कंबरेचा विचार डोक्यात होता. त्यानं अर्ज वाचला, घडी घातली, आणखी एक घडी घातली, आणि खुर्चीच्या खिशात ठेवला. वीस आकडे झाले, तीस झाले.

“माझ्या... शाळेतली पोरं... बूथवर असतात.”

चार महिने आम्ही पालकांना दहा आकडे मोजायला शिकवतोय, आणि मी अख्खा अर्ज भरून ठेवला, विचारलंसुद्धा नाही. घरी मतदानाची सोय चांगली आहे. ज्याला उठता येत नाही त्याच्यासाठी मोठी गोष्ट आहे. पण दर वेळी उचलून खाली आणावं लागणाऱ्या मुलाला स्वतः बूथवर जायचं होतं. अर्ज त्याच्याकडंच राहू दिला.

बुधवार, २० नोव्हेंबर

मी कुणाबरोबरही आत गेले नाही. खालचं सगळं त्यांनी सांगितलेलं.

कॅप्टनसाठी खालच्या मजल्याचा प्रश्न वर्गमित्रांनी सोडवला, चौघांनी खुर्चीसकट उचलून आणला. बूथवर उतार होता, आणि उताराच्या तोंडाशी मोटारसायकल लावलेली. ती हलवायला दहा मिनिटं. बोटावरच्या शाईचे त्यानं अकरा फोटो पाठवले.

रेडिओच्या बूथवर अधिकाऱ्यांनी सोबतीशिवाय मत देता येणार नाही असं सांगितलं. सोबती घेणं ही सोय आहे, सक्ती नाही. यंत्रावर बटणांशेजारी ब्रेलमध्ये आकडे असतात आणि उमेदवारांची ब्रेलमधली यादीही द्यायची असते. यादी कुठं आहे हे तिथं कुणाला ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, “तुम्ही शोधा, मी थांबते.” पंचवीस मिनिटं थांबली, बाकावर बसून, मावशीला बाहेर पाठवून. एका पाकिटात सापडली. वाचली, मत दिलं. बाहेर येऊन मला फोनवर म्हणाली, “बीप ऐकला. माझाच होता.”

बासुंदीच्या घरी रात्री जेवताना सगळ्यांनी विचारलं, कुणाला दिलंस? आजोबांनी विचारलं, काकांनी विचारलं. तो जेवत राहिला. काकांनी दोन चिन्हांची नावं घेऊन चेहरा बघितला. तो म्हणाला, “ताक वाढ.”

मंगळवार, ३ डिसेंबर

जागतिक दिव्यांग दिनाचा एक कार्यक्रम. आमच्या मुलांना पहिल्या रांगेत बसवलं, पाच जणांची भाषणं झाली, त्यांतलं एकही अपंग व्यक्तीचं नाही. व्यासपीठाला चार पायऱ्या, उतार नाही, त्यामुळे कॅप्टनचं पुष्पगुच्छ घेणं खालीच झालं. शेवटी केळी आणि बिस्किटपुडे. परत येताना रिक्षात कुणी बोललं नाही. खळीनं केळं माझ्या हातात दिलं आणि खुणेनं विचारलं, “आज तुझा वाढदिवस आहे का?”

शनिवार, १४ डिसेंबर

त्या पायऱ्यांवरून विषय निघाला, आणि गटानं पहिल्यांदा स्वतः काम ठरवलं. दाखल्यांसाठी सगळ्यांना जिथं जावं लागतं त्या कार्यालयाचा उतार मोजायचा. शिंप्याची टेप, खडू, वही. खळीनं मोजलं, बासुंदीनं टेपचं टोक धरलं, रेडिओनं आकडे फोनमध्ये बोलून ठेवले.

जोत्याची उंची दीड फूट. उताराची लांबी पाच फूट. एकास बारा असं मानक आहे, म्हणजे दीड फुटाला अठरा फूट लांबी हवी. पाच फुटांत बसवलेला हा उतार नाही, घसरगुंडी आहे. कठडा नाही. खाली गटाराची जाळी, तिच्या फटीत खुर्चीचं पुढचं चाक अडकतं, कॅप्टननं अडकवून दाखवलं. शिपाई बाहेर येऊन म्हणाला, “इथं कुणी अपंग येतच न्हाई की.”

रेडिओनं बातमी ऐकली होती, आठ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयानं राजीव रातुरी खटल्यात सांगितलं की सुगम्यतेचे, म्हणजे अपंगांना विनाअडथळा वावरता येण्याचे, किमान निकष नुसती शिफारस म्हणून चालणार नाहीत, बंधनकारक हवेत. जुन्या सार्वजनिक इमारतींना कायद्यानं दिलेली मुदत तर नियम निघाल्यापासून पाच वर्षांची. नियम १५ जून २०१७ चे. मुदत २०२२ च्या जूनमध्येच संपली.

शनिवार, ४ जानेवारी २०२५

उताराबद्दलच्या अर्जाचा मसुदा. मी ‘सविनय सादर की’ घातलं, त्यांनी काढलं. मी ‘कृपया सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा’ घातलं, तेही काढलं. मला वाटलं, कार्यालयात हे लागतं. कॅप्टन म्हणाला, “उतार... मोजलाय. सहानुभूती... कशाला?” पाच ओळींचा अर्ज, खाली अकरा सह्या. दहा पेनच्या, एक अंगठा. अंगठा बासुंदीचा. मी त्याच्याकडं बघितलं. “आज कंटाळा,” म्हणाला.

शनिवार, ८ फेब्रुवारी

प्रकल्पाची मुदत पुढच्या आठवड्यात संपते. शेवटचा अहवाल अर्धा झालाय. अर्जाला उत्तर नाही.

गटानं माहिती अधिकारात अर्ज टाकायचं ठरवलं. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, ‘जोडपत्र अ’, आणि आपल्याकडं एका अर्जात दीडशे शब्दांची मर्यादा. बाकीचे कुरकुरले. कॅप्टनला चालणार होतं. “दीडशे बोलायला... मला अर्धा दिवस. भरपूर झाले.” प्रश्न तीन लिहिले. अर्जावर काय कारवाई झाली, उतारावर खर्च किती झाला, तो कुणी तपासून घेतला. उत्तराला तीस दिवस.

सोमवार, १० फेब्रुवारी

अर्ज द्यायला कॅप्टन, रेडिओ आणि बासुंदी. मी बरोबर होते कारण रिक्षात खुर्ची दुमडायला एक माणूस लागतो. खुर्ची उलटी करून, मागच्या चाकांवर, त्याच उतारावरून वर नेली.

आवक खिडकीतल्या साहेबांनी कागद बघितला आणि चष्म्यावरून मला विचारलं, “यांना काय पाहिजे?”

भिंतीवर जुनं कॅलेंडर होतं, ते वाचत राहिले. दहा झाले. साहेबांनी पुन्हा माझ्याकडं बघितलं. पंधरा. रेडिओच्या हातातली काठी जमिनीवर एकदा टकटकली, पण ती बोलली नाही, पाळी तिची नव्हती. सतराला कॅप्टननं सुरुवात केली.

पोच मिळाली. शिक्का पुसट आहे, बासुंदीनं दुसरा मारून घेतला. वेळ ११.४०.